आस

लहानपणी माझ्याकडे एकच काम असायचं, दोरीचं टोक धरायचं. बाबा मिरजेत पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे बोर्ड, ट्रकांच्या पाठीवरची नावं, गणपती मंडळांच्या कमानी. रेड ऑक्साईडचा हात देऊन वाळवलेला पत्रा भिंतीला टेकवला की खडूच्या भुकटीत घोळलेली दोरी या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणायची. एक टोक बाबांच्या हातात, दुसरं माझ्या. मग ते दुसऱ्या हाताच्या चिमटीत दोरी धरून जराशी उचलायचे आणि सोडायचे. टण्ण! पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उमटायची, भुकटीचा बारीक ढग नाकात जायचा, आणि दोरी माझ्या बोटांत थोडा वेळ थरथरत राहायची. ती थांबेपर्यंत टोक सोडायचं नाही असा नियम होता. आधी सोडलं तर रेघेशेजारी दुसरी पुसट रेघ पडते.

आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली पाच मिनिटांवर. बाबांचे एक स्नेही तिथे तंबोरे आणि सतारी करायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. शाळा सुटली की दप्तर घेऊन मी थेट त्यांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे रस्त्याकडे उघडी असलेली एक लांबट खोली. वरून पंढरपूरकडचे वाळलेले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, एका कोपऱ्यात लाखेचा वास. दीडशेहून जास्त वर्षं या गावात हे काम चाललंय. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वर्तमानपत्रांनी ते सगळं छान लिहिलं. मला मात्र त्या बातम्या वाचताना कानशीचा आवाज ऐकू येत होता. घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, फिरणारी कानस, मग एक तार छेडणं, मग पुन्हा दोनच घासे, मग पुन्हा तार.

जवारी काढणं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण ती सपाट नसते, तिला अगदी बारीक उतार असतो. तार त्या उतारावर टेकते, उठते, पुन्हा टेकते. हे टेकणं जिथे नेमकं जमतं तिथे आवाजाला ती झांजर, ती फुलत जाणारी गाज येते. तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात. धागा केसभर पुढे गेला तर तार नुसती तार राहते, केसभर मागे गेला तर खरखरते. मधे कुठेतरी एक जागा असते. चाचा डोळे मिटून ती शोधायचे आणि सापडली की म्हणायचे, "आता बोलली." आणि मग लगेच दुसरी तार छेडायचे नाहीत. ऐकत राहायचे. मी एकदा विचारलं, "चाचा, झालं ना?" तर म्हणाले, "थांब पोरी, तार छेडली तेव्हा काय कळत नाही. ती जाताना कशी जाते ते बघायचं. आस किती आहे बघ."

आस. वाद्य बनवणाऱ्यांच्या आणि वाजवणाऱ्यांच्या बोलण्यात हा शब्द रोज येतो. तार छेडल्यावर, मूळ ठोसा विरल्यावर, स्वर जो मागे रेंगाळत राहतो तो. माणसाच्या मनातल्या आशेलाही आपण आसच म्हणतो, हे मला पुष्कळ नंतर जाणवलं.

२००६ साली मी पुण्याला एका कॉलेजात गेले. अभ्यासक्रम नवा होता आणि तीन पायांवर उभा होता. समकालीन संगीत, ध्वनिमुद्रण आणि ग्राफिक डिझाईन. नातेवाइकांना त्याचं नाव सांगताना आईची तारांबळ व्हायची. "गाण्याचं आणि कॉम्प्युटरचं काहीतरी" असं ती सांगायची, आणि बाबा मधेच म्हणायचे, "माझंच काम, पण मशिनवर." त्यांच्या त्या बोलण्यात कौतुक होतं तसं दुःखही होतं. तोवर आमच्याकडे फ्लेक्स आला होता. जो बोर्ड रंगवायला बाबांना तीन दिवस लागायचे तो छापून, ताणून, खिळे मारून संध्याकाळपर्यंत लागत होता. माझ्या पहिल्या सहामाहीची फी भरली गेली तेव्हा घरात रंगाचे नवे डबे येणं थांबलेलं होतं. मी त्याच विषयाचं शिक्षण घ्यायला निघाले होते ज्याच्या यंत्राने वडिलांचा हात रिकामा केला, हे ओझं तीन वर्षं माझ्या पाठीवर होतं आणि मी ते कुणापाशी बोलले नाही.

ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या तासाला सरांनी माईकला हात लावू दिला नाही. आम्हाला जिन्याखाली नेलं आणि टाळी वाजवायला सांगितली. मग वर्गात, मग स्टुडिओच्या आत, फोम लावलेल्या छोट्या खोलीत. टाळी तीच, पण जिन्याखाली ती मोठी होऊन परत यायची आणि फोमच्या खोलीत हातातच मरून पडायची. त्या खोलीत उभं राहिल्यावर मला कानांवर दडपण आल्यासारखं झालं. खोली शांत होती, पण ती शांतता मला परकी वाटली.

त्याच आठवड्यात सरांनी वॉलेस सॅबिनची गोष्ट सांगितली आणि मी त्या माणसाच्या प्रेमात पडले. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कला संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलं होतं. बोललेला एक शब्द साडेपाच सेकंद तिथे घुमत राहायचा, म्हणजे पुढची बारा-पंधरा अक्षरं त्याच्यावर चढायची. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या तरुण सॅबिनला सांगण्यात आलं, हे दुरुस्त करा. त्याच्याकडे होती एक ऑर्गनची नळी, एक स्टॉपवॉच आणि स्वतःचे कान. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या तो आणि त्याचे मदतनीस रात्री उचलून आणायचे, त्या व्याख्यानगृहात मांडायचे, नळी वाजवून बंद करायची आणि शेवटचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत घड्याळ चालू ठेवायचं. मग आणखी काही गाद्या, पुन्हा तेच. सकाळी थिएटर उघडायच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर. रस्ते शांत असतात ते तासच त्याच्या कामाचे. या रात्रींमधून एक सूत्र निघालं: खोलीचं आकारमान आणि तिच्यातलं शोषण, या दोहोंवरून आवाज किती वेळ टिकेल ते काढता येतं. आजही आपण कुठल्याही सभागृहाचा घुमारा मोजतो तेव्हा आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळच मोजतो. त्याच सूत्राच्या आधारावर बॉस्टनचं सिंफनी हॉल १९०० साली उभं राहिलं.

वर्गातल्या मुलांनी सूत्र उतरवून घेतलं. मला मात्र दिसत होता अंधारात उभा असलेला एक माणूस, हातात घड्याळ, आणि जाणाऱ्या आवाजाकडे लागलेला कान. मी वहीत समासात लिहिलं, "खोलीची आस." कॉलेजात शिरल्यापासून मला जे काही शिकवलं गेलं होतं त्यातली ही पहिली गोष्ट मला माझ्या भाषेत कळली.

हे मी मुद्दाम सांगतेय. आमचा सगळा अभ्यास इंग्रजीत होता आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही; माईकची, केबलची, सॉफ्टवेअरची नावं जशी आहेत तशीच घ्यावी लागतात. पण आवाज कसा आहे हे सांगणारे शब्दही आम्ही उसने घेत होतो. हा 'वॉर्म' आहे, तो 'मडी' आहे, यात 'एअर' नाही. मी ते शब्द परीक्षेत बरोबर वापरायचे आणि ऐकताना ते मला मुळीच उपयोगी पडायचे नाहीत. ज्या गोष्टीला शब्द नसतो ती कानाला ऐकूच येत नाही असं माझं आता ठाम मत झालंय. किंवा ऐकू येते, पण धरता येत नाही.

दुसऱ्या वर्षी मला हे फार महागात पडलं असतं. एका मैत्रिणीच्या आवाजातलं गाणं मी मिक्स करत होते. तेव्हाच्या फॅशनप्रमाणे सगळं स्वच्छ हवं होतं. दोन ओळींच्या मधे श्वास नको, खुर्चीची करकर नको. मी नॉईज गेट लावला. गेट म्हणजे दारच ते. आवाज ठरावीक पातळीच्या वर असेल तोवर उघडं, खाली गेला की बंद. मग त्यावर कम्प्रेसर, चारास एक या प्रमाणात, म्हणजे उंबरठ्याच्या वर चार डेसिबल चढलेला आवाज एकच डेसिबल चढू द्यायचा. गाणं चकचकीत झालं. सर खूश झाले, वर्गाला ऐकवलं. मी घरी आले आणि मला झोप येईना. काहीतरी गेलं होतं. काय गेलं होतं ते मला सांगता येत नव्हतं, कारण मिळालेल्या शब्दांत त्याच्यासाठी शब्द नव्हता. रात्री दोनला उठून मी हेडफोन लावून ओळींचे शेवट एकामागून एक ऐकले. मैत्रीण प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वर सोडताना तो हलकेच खाली ठेवत होती, आणि माझं दार त्या ठेवण्यावर धाडकन बंद होत होतं. चाचांच्या कारखान्यातला तो शब्द तेव्हा आपसूक तोंडात आला. मी तिची आस कापली होती.

सकाळी जाऊन गेट काढून टाकला. श्वास परत आले, खुर्चीही परत आली. मार्क थोडे कमी पडले. पण त्या दिवसापासून मी कुठलाही आवाज सुरू कसा होतो याकडे कमी आणि संपतो कसा याकडे जास्त लक्ष द्यायला लागले. पुढे पंधरा वर्षं माझं पोट ज्यावर चाललंय ते कौशल्य एवढंच आहे.

संगणकात आवाज साठवतात तेव्हा त्याचे तुकडे करतात. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० तुकडे आणि प्रत्येक तुकड्याची उंची १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या तरी एका पायरीवर. मोठ्या आवाजाला या पायऱ्या भरपूर असतात. पण स्वर विरत विरत अगदी तळाशी आला की त्याच्या वाट्याला दोन-चारच पायऱ्या उरतात. तिथे तो सरळ उतरत नाही, ठेचकाळतो, करवतीसारखा दातेरी होतो आणि शेवटी पायरीच्या खाली गेला की एकदम नाहीसा. यावरचा उपाय मला अजूनही थक्क करतो. आवाजात मुद्दाम अगदी पुसट, सारखी अशी खरखर मिसळायची. तिला डिदर म्हणतात. त्या खरखरीमुळे तळाच्या पायऱ्यांवर स्वर एका जागी अडकत नाही, वरखाली होत राहतो, आणि कान त्याचा माग शेवटच्या पायरीच्याही खाली काढू शकतो. थोडी अशुद्धी मिसळल्याने आस टिकते.

हे शिकले त्या दिवशी मी एसटीडी बूथवरून घरी फोन केला आणि चाचांना निरोप द्यायला सांगितलं की तुमचा सुताचा धागा मला पुण्यात भेटला. दोन्हींचं विज्ञान वेगळं आहे, हे मला ठाऊक होतं. धागा तारेचं घोडीवरचं टेकणं बदलतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेच्या या घोडीवर लिहिलं आहे. मूळ स्वरासोबत तारेतून जे वरचे बारीक स्वर निघतात ते उपस्वर; तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू पडतो ते ऐकू येऊ नयेत, असा युरोपात मान्य झालेला नियम होता. आपल्या या वाद्यांत ते खणखणीत ऐकू येतात असं रामन यांना आढळलं, आणि त्याचं कारण त्या वक्र घोडीत आणि धाग्यात होतं. नोबेल मिळायच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. मिरजेच्या कारागिरांना नियमही ठाऊक नव्हता आणि तो मोडतोय हेही ठाऊक नव्हतं. त्यांना तार जाताना कशी जाते ते ठाऊक होतं.

डिझाईनच्या वर्गाबद्दल लिहिताना मी जरा हळवी होते, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण ते जमणार नाही.

त्या वर्गात अक्षर म्हटलं की रोमन अक्षर. ते खालच्या रेघेवर उभं असतं. आपलं वरच्या रेघेला लटकतं. एवढ्या एका फरकाने सगळी मापं बदलतात. आपल्याकडे रेघेच्या वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांना जागा लागते आणि खाली उकारांना, जोडाक्षरांना. रोमनसाठी ठरलेलं ओळींमधलं अंतर मराठीला लावलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत पाय घालतो. तेव्हाच्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाकलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उलट्या बाजूला जाऊन बसायची आणि जोडाक्षरं फुटून पाय मोडायचे. म्हणून बहुतेक जण शीर्षक रोमनमध्येच करायचे. "मॉडर्नही दिसतं," असं एकदा वर्गात सांगण्यात आलं. मला ते फार लागलं. मी ज्या गावातून आले तिथला प्रत्येक रस्ता देवनागरीने भरलेला होता आणि त्यातली निम्मी अक्षरं माझ्या वडिलांच्या हातची होती.

सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबांना म्हटलं, मला अक्षर काढायला शिकवा. इतकी वर्षं मी दोरी धरली, ब्रश धुतले, डब्यांची झाकणं उघडली, पण ब्रश हातात घेतला नव्हता. त्यांनी जुना पत्रा काढला. आधी दोरी मारली, एकट्याने, टोकाला खिळा ठोकून. मग चपट्या ब्रशने एक काना ओढला. वरून खाली, एका दमात. मला ओढायला सांगितला. माझा काना सरळ आला पण खाली येऊन थांबला, ठोकळ्यासारखा. बाबा म्हणाले, "रेघ तुटली."

"पूर्ण आलीय की."

"आलीय, पण तुटली. रेघ सुटली पाहिजे, तुटली नाही पाहिजे. हात थांबवायचा नाही, उचलायचा. ब्रश पत्र्यावरून उठला तरी हात जरा पुढं जाऊ दे."

दुपारभर मी काने ओढले. पस्तीस-चाळीस तरी. पुढच्या पस्तीस-चाळीसांत एखादा सुटला. सुटलेला काना कसा ओळखायचा हे शब्दांत सांगणं अवघड आहे, पण पाहिला की कळतो. त्याचं टोक संपतं तिथे डोळा अडत नाही, पुढच्या अक्षराकडे आपण आपोआप जातो. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षकं आठवून पाहा. बाबा त्यांना कधी भेटले नव्हते, पण वर्तमानपत्रातून त्यांची शीर्षकं कापून एका फायलीत लावायचे. त्या अक्षरांत नाटकाचा स्वभाव आहे असं सगळेच म्हणतात. मला त्या दुपारनंतर त्यांत दुसरंही दिसायला लागलं. ती अक्षरं जिथे संपतात तिथेही ती संपत नाहीत. र. कृ. जोशींनी संगणकासाठी मंगल हा टंक, म्हणजे फॉन्ट, केला. रोज आपण तो वापरला आणि त्याच्याकडे पाहिलं नाही. मी होस्टेलवर त्याचा एकेक वर्ण मोठा करून भिंतीवर लावला आणि काने कुठे सुटतात ते बघत बसायचे.

तिसरं वर्ष म्हणजे प्रकल्प. चौघांनी मिळून तीन गाणी करायची, आपणच मुद्रित करायची, सीडीचं मुखपृष्ठ आपणच करायचं. आमच्यात एक गिटार, एक कीबोर्ड, एक ड्रम्स, आणि मी. शब्द मराठी होते. मी हट्ट धरला की खाली तंबोरा हवा, आणि यंत्रातला नको. एका संध्याकाळी उसना तंबोरा आणून आम्ही तालीम सुरू केली आणि पहिल्याच मिनिटाला काहीतरी दातात कचकचल्यासारखं झालं. कीबोर्ड बेसूर लागत होता. वाजवणारा मित्र रडकुंडीला आला. ट्यूनर बरोबर दाखवत होता, तंबोराही सुरात होता.

दोष कुणाचाच नव्हता. खर्जाची तार नीट लागली आणि जवारी जिवंत असेल तर त्या षड्जातून आपोआप गंधार ऐकू येतो, कुणीही न वाजवलेला. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो तारेच्या पाचव्या उपस्वरातून येतो आणि कीबोर्डवरच्या गंधारापेक्षा १४ सेंट खाली असतो, म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा साधारण सातवा हिस्सा. कीबोर्डची बारा अंतरं सारखी करून घेतलेली आहेत, कुठल्याही पट्टीत वाजवता यावं म्हणून. तंबोऱ्याला ती सोय नको असते. दोन गंधार एकमेकांवर घासत होते. चार दिवस आमची भांडणं झाली. तंबोरा काढा म्हणण्यापर्यंत गेली. शेवटी उपाय मित्रानेच शोधला. त्याने आपल्या स्वरसंघातून, म्हणजे कॉर्डमधून, गंधार काढून टाकला, नुसते षड्ज-पंचम धरले, आणि गंधाराची जागा मोकळी सोडली. तंबोऱ्याने ती भरली. आजही कुणी मला समकालीन संगीत म्हणजे काय विचारलं तर मला त्याची ती उचललेली दोन बोटं आठवतात.

तंबोरा मुद्रित करायला मी मिरजेला गेले. लॅपटॉप, दोन माईक, ते लॅपटॉपला जोडणारा एक छोटा इंटरफेस, सगळं कपड्यांत गुंडाळून कोयना एक्सप्रेसने. चाचांनी स्वतः वाजवायचं कबूल केलं होतं. कारखाना दिवसा शक्य नव्हता, समोर रस्ता. रात्री शक्य नव्हता. पंखा, ट्यूबचा चोक, शेजारचा फ्रीज, सगळ्यांची मिळून ५० हर्ट्झची घूं सगळीकडे भरलेली. एप्रिल महिना होता आणि ते भारनियमनाचे दिवस. आमच्या भागातली वीज त्या आठवड्यात पहाटे चारला जायची. लोक वैतागायचे. मी आणि चाचा वीज जायची वाट बघत बसलो.

चारला वीज गेली आणि ती घूं थांबली. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गावाची शांतता ऐकली. लांब स्टेशनावर एखादं इंजिन, वर टांगलेल्या भोपळ्यांवर पालीचं खुट्ट, एवढंच. फजरची अजान व्हायला तासभर होता आणि लॅपटॉपची बॅटरी दीड तासाची. मी एक माईक घोडीसमोर ठेवला, दुसरा भोपळ्याच्या बाजूला हातभर लांब. ऐकलं तर आवाज पोकळ. आवाज हवेतून ३४ सेंटीमीटर जायला एक हजारांश सेकंद घेतो. दोन माईकांपर्यंत तो मागेपुढे पोचला की दोन्ही एकत्र करताना काही स्वरांश एकमेकांना पुसून टाकतात. पुस्तकात हे पानभर आहे. मी टॉर्चच्या उजेडात दुसरा माईक बोटा-बोटाने सरकवत राहिले, चाचा खर्ज छेडत राहिले, आणि एका जागी त्यांनीच मान हलवली. हेडफोन माझ्या कानात होता, त्यांच्या नाही. मला काय हवंय ते त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असणार.

याच गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि उरुसात आजही तिथे चिंचेच्या झाडाखाली मोठमोठे गवई येऊन गातात. खाँसाहेबांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या तेव्हा मायक्रोफोन नव्हता. १९२५ पर्यंत कर्ण्यात तोंड घालून गावं लागायचं, तीन-साडेतीन मिनिटांत. आवाजाच्या जोरावर सुई मेण कापायची. त्या कर्ण्यापर्यंत तंबोऱ्याची आस पोचणं अवघडच. मी त्या पहाटे मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते आणि माझ्याकडे २४ बिट होते. एवढं सगळं हातात असून घाई केली तर माझ्यासारखी कृतघ्न मीच, असं वाटत होतं.

चाचांनी सलग बारा मिनिटं वाजवलं. पंचम, जोड, खर्ज, पुन्हा पंचम. मग शेवटचा खर्ज छेडला आणि हात उचलला. बाबांनी मला शिकवलेला तोच हात, पत्र्यावरून उठून जरा पुढे गेलेला. मी बटणाकडे बोट नेलं आणि थांबवलं. स्वर उतरत होता. आधी गंधार फुलला, मग तो मागे सरला, मग पंचमाची सावली, मग नुसती गाज.

प्रकल्प तपासताना मला तो शेवट कापायला सांगितलं गेलं, कारण त्यात दोन माणसांचं बोलणं आलंय. मी कापला नाही. मुखपृष्ठावरचं शीर्षक बाबांच्या ब्रशने काढलं होतं आणि सीडी त्या शेवटासकट वर्गात वाजली. अजूनही ती फाईल माझ्याकडे आहे. चाचा गेल्याला आता सहा वर्षं झाली, बाबांचा हात थरथरतो. नवे हेडफोन घेतले की मी आधी तीच फाईल लावते, अकराव्या मिनिटापासून.

शेवटच्या खर्जानंतर नऊ सेकंदांनी दाराची कडी वाजते. बाबा चहाचा थर्मास घेऊन आलेले असतात. त्यांचा आवाज बाहेरून येतो, लांबून, दबका.

"झालं का?"

आणि चाचा, माईकच्या अगदी जवळून, जवळजवळ श्वासात:

"थांब. अजून हाय."